चिठ्ठीची मागची बाजू

आमच्या घराची आणि शेजारच्या घराची भिंत एकच आहे. बजाजनगरातली रो-हाऊसं अशीच, खांद्याला खांदा लावून उभी. त्या भिंतीपलीकडं राहणारा माणूस माझा सगळ्यात जुना मित्र. एकाच कंपनीत आम्ही बावीस वर्षं काढली. तो लेथवर टर्नर, मी क्वालिटीत इन्स्पेक्टर. रिटायर झाल्यापासून रोज सकाळी पाणी भरून झालं की आम्ही त्याच्या ओट्यावर बसतो, चहा पितो आणि जगाला नावं ठेवतो. मागच्या विधानसभेच्या वेळी मी माझ्या हातानं अशी करामत केली की ही बैठक कायमची मोडायची वेळ आली. फजिती माझीच आहे, तेव्हा ती मीच सांगितलेली बरी. गल्लीतले लोक तिला फार मीठमसाला लावून सांगतात.

रिटायर झालेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही. पंख्याचा कोणता वेग ठेवायचा हेसुद्धा घरात मला न विचारता ठरतं. अशा दिवसांत आमच्या कंपनीत पूर्वी टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरीच्या खात्यात, असलेला एक गृहस्थ कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून घरी आला. आता तो एका पक्षाचं काम बघतो. त्यानं आमच्या गल्लीची मतदारयादी माझ्यापुढं ठेवली, मतदार चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला आणि म्हणाला, की या गल्लीची नस तुमच्याइतकी कोणाला माहीत नाही. प्रत्येक नावापुढं आपला, त्यांचा की काठावरचा, एवढी खूण करायची आणि चिठ्ठ्या घरोघर पोचवायच्या. काठावरच्यांकडं तो स्वतः जाऊन बोलणार होता.

माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू. पक्षही आमचाच होता. म्हणजे मी त्याच्या सभेला कधी गेलो नव्हतो की त्याचा जाहीरनामा वाचला नव्हता, पण आमचाच. आतून बायको म्हणाली, "नसती उठाठेव." पण तोवर मी चष्मा लावला होता.

आता इन्स्पेक्शनचं काम कसं चालतं ते थोडं सांगायला हवं. लेथवरून शाफ्ट तयार होऊन आला की तो गेजमध्ये, म्हणजे मापाच्या पक्क्या साच्यात, घालून बघायचा. नीट बसला तर ओके. थोडा जाड असला, सुधारता येण्यासारखा असला, तर रीवर्क. कामातूनच गेला असेल तर रिजेक्ट. जे काय असेल ते तिथल्या तिथं टॅगवर लिहायचं आणि जॉबला, म्हणजे त्या तयार मालाला, बांधायचं. टॅग लावल्याशिवाय जॉब हातातून सोडायचा नाही, हे इतकी वर्षं केल्यामुळं माझ्या हाडात मुरलंय. आंबे घेतले तरी घरी आल्यावर मी त्यांचे तीन ढीग करतो.

मतदारांसाठी मी तशीच गेजं तयार केली. पहिलं गेज गावाचं. बजाजनगरात मूळचा असा कोणी नाही, सगळे कुठून तरी आलेले, आणि माणूस शहरात आला तरी मत गावाकडच्या वाऱ्यावर हलतं असा माझा अनुभव होता. दुसरं आडनावाचं. त्याच्याबद्दल जास्त बोलायला नको, सगळ्यांना कळतं. तिसरं सोयरिकीचं, म्हणजे बायकोचं माहेर कोणाचं आणि मुलगी कोणाकडं दिलीय. चौथं पोटाचं, म्हणजे नोकरी कोणी लावून दिली आणि कंत्राट कोणाकडून मिळतं. गणपतीची वर्गणी कोणत्या मंडळाला जाते हेही धरायचं, आणि अडीअडचणीला फोन कोणाला जातो हेही. एकदा तर मी आमच्या शहराच्या नुकत्याच बदललेल्या नावाचंही गेज केलं होतं. मुलगा कुठं असतो असं सहज विचारायचं आणि तोंडून जुनं नाव येतं की नवं ते बघायचं. पण ते दोन दिवसांत बाद करावं लागलं. समोरच्या घरातले काका नवं नाव मिळावं म्हणून मोर्चात चाललेले, आणि एसटीत तिकीट मागताना त्यांच्या तोंडून अजून जुनंच येतं.

सगळं जमवून मी डायनिंग टेबलावर बसलो. आधी चिठ्ठ्यांवर मागच्या बाजूला पेन्सिलीनं बारीक लिहायचं, मग ते यादीवर नीट उतरवायचं, मग चिठ्ठीवरचं खोडायचं, अशी माझी पद्धत ठरली. खोडरबर नवा आणला. लिहिताना आपला-त्यांचा असं काही माझ्या हातून उतरेना. हात आपोआप ओके, रीवर्क, रिजेक्ट असंच लिहीत गेला.

तिसऱ्या घरातला गृहस्थ सोयगावकडचा. त्याचा चुलतभाऊ तिकडं बाजार समितीत आमच्या पक्षाकडून निवडून आलेला, म्हणून तो ओके. पण त्याच्या बायकोचं माहेर पैठण रोडला चितेगावचं, आणि तिचा भाऊ दुसऱ्या पक्षाच्या पोस्टरवर खालच्या रांगेत डावीकडून चौथा. तेव्हा ती रीवर्क. कोपऱ्यावर लाल बावट्याच्या युनियनचे जुने पुढारी राहतात. हयातभर आमच्या पक्षाला शिव्या घातलेला माणूस, म्हणजे सरळ रिजेक्ट. पण त्यांच्या मुलानं आता कंपन्यांना कंत्राटी कामगार पुरवायचा धंदा काढलाय आणि त्याला आमच्या पक्षाच्या माणसांशी गोड राहावं लागतं. मी बराच विचार करून बापलेक दोघांनाही रीवर्क दिलं. पुढच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारं एक तरुण जोडपं आहे. दोघं घरात बसून कॉम्प्युटरवर नोकरी करतात, गावाचं नाव विचारलं तर पुणे सांगतात, दाराशी चपलांच्या स्टँडशिवाय काही नाही. त्यांच्या चिठ्ठ्यांवर मी लिहिलं, "गेज उपलब्ध नाही."

माझ्या घरातल्या चार चिठ्ठ्यांवर चार ओके पटापट पडले. बायको पाणी ठेवायला आली, तिनं वाकून पाहिलं आणि विचारलं, की माझं तपासलं का. मी म्हणालो, घरचा माल तपासत नाहीत. ती काही न बोलता गेली, आणि ती काही न बोलता जाते तेव्हा मी सावध व्हायला हवं हे मला लग्नाच्या इतक्या वर्षांनंतरही लक्षात राहत नाही.

भिंतीपलीकडच्या घराच्याही चार चिठ्ठ्या होत्या. त्यांना मला वेळच लागला नाही. त्याचा जयभीम, माझा रामराम, यात काय गेज लावायचं, असं मनात म्हणून मी चारही चिठ्ठ्यांवर एका दमात रिजेक्ट लिहिलं आणि पुढच्या घराकडं वळलो. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही, हेच आज सगळ्यात जास्त लागतं. सोयगाववाल्याच्या मेहुण्याचं पोस्टर मी आठवून आठवून काढलं होतं, आणि ज्याच्याबरोबर रोज चहा पितो त्याला एका नमस्कारावर निकालात काढलं होतं.

तेवढ्यात पांढऱ्या कपड्यांचा फोन आला. वरून निरोप आहे, चिठ्ठ्या आजच वाटा, दुसऱ्या पक्षाच्या चिठ्ठ्या पोचायला लागल्यात. मी गडबडीनं यादीवर खुणा उतरवल्या, गठ्ठा पिशवीत टाकला आणि निघालो. दारोदार हसून बोललो. प्रत्येकाला चिठ्ठी दोन्ही हातांनी दिली, छापील बाजू वर करून. दोन ठिकाणी चहा झाला, एका ठिकाणी चिवडा. भिंतीपलीकडं तो घरात नव्हता, त्याच्या सुनेच्या हातात चिठ्ठ्या दिल्या. कृतार्थ होऊन घरी आलो, आणि डायनिंग टेबलावर तो नवा खोडरबर दिसला. त्याचं वेष्टनसुद्धा काढलेलं नव्हतं.

आमची गल्ली सगळी कामगारांची. दुसऱ्या कुठल्या वस्तीत हे झालं असतं, तर लोकांना वाटलं असतं छापखान्यानं काहीतरी लिहिलंय. इथं रिजेक्ट म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळतं. अक्षर माझं आहे हेही सगळ्यांना कळतं, कारण त्यांनी ते टॅगवर वर्षानुवर्षं वाचलेलं.

युनियनचे पुढारी तासाभरात दारात. मला वाटलं संतापलेत, आणि संतापले होतेच, पण भलत्याच कारणानं. मला रीवर्क देता, असं त्यांचं म्हणणं. उभं आयुष्य तुमच्या पक्षाविरुद्ध घालवलं, तीनदा सस्पेंड झालो, आणि मला काठावर बसवता? त्यांना रिजेक्ट हवं होतं. मी पेन्सिल आणून त्यांच्या समोर दुरुस्ती केली, तेव्हा कुठं ते पाणी प्याले. मुलाचं मात्र तसंच राहू द्या, म्हणाले, त्याचं खरं आहे. सोयगाववाल्यांकडं नवरा बायकोची उलटतपासणी घेत बसला होता. ती हसून हसून बेजार. शेवटी तिनं त्याला सांगितलं म्हणे, की इन्स्पेक्टर काकांनी निदान माझ्यात काही सुधारायला वाव आहे असं लिहिलंय, तुमच्यात तर तेही नाही. वरच्या तरुण जोडप्यानं मात्र खाली येऊन अगदी नम्रपणे विचारलं, की गॅसचं कनेक्शन आमच्याकडं आहे, मग हे असं कोणी कळवलं. त्यांनी गेजचं गॅस वाचलं होतं.

दोन दिवस गल्ली हसत होती, चिडत होती, पुन्हा हसत होती. पांढऱ्या कपड्यांनी फोन उचलायचं बंद केलं. हे सगळं मी सहन केलं असतं. पण भिंतीपलीकडून काही आवाजच आला नाही. सकाळी पाणी भरून मी ओट्याकडं पाहायचो, तर ओटा रिकामा. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी तो ओट्यावर दिसला, पण मला पाहून उठला आणि आत गेला. बावीस वर्षांत आम्ही भांडलो नाही असं नाही, पण मला पाहून तो कधी उठून गेला नव्हता. हा माणूस गेला तर सकाळ झाल्यावर मी करायचं काय, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला.

चौथ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी या म्हटलं, बसा म्हटलं. चहा आला तो कपबशीत. त्या घरात माझा एक ठरलेला स्टीलचा पेला आहे, कडेला चेपलेला. कपबशी पाहुण्यांची. मी बशीकडं पाहत बसलो आणि तो टीव्हीकडं. टीव्ही बंद होता.

चुकलं, असं मी म्हणालो. गडबडीत खोडायचं राहिलं.

"खोडलं असतं तर काय झालं असतं?" तो म्हणाला. "तुम्ही लिहिलं तर होतंच."

त्यानं मला तुम्ही म्हटलं. मला अरे-तुरे करणारी माणसं आता दोनचारच उरलीत, त्यातला हा एक, आणि तो टाइम ऑफिसशी बोलावं तसा माझ्याशी बोलत होता.

मग तो हळूहळू बोलायला लागला. आवाज चढवला नाही. म्हणाला, की बावीस वर्षं मी माझा जॉब तुमच्या टेबलावर आणून ठेवला. एकदाही तुम्ही डोळे झाकून ओके दिलं नाही. मित्र असून दिलं नाही, प्रत्येक शाफ्ट मोजून घेतला, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. बाकीच्यांना मी सांगायचो, आमचा इन्स्पेक्टर मोजल्याशिवाय बोलत नाय.

"तुम्ही या गल्लीत सगळ्यांना मोजलं," तो म्हणाला. "मला नाय मोजलं. माझ्यावर तसाच शिक्का मारला."

इन्स्पेक्टरला याहून वाईट काही म्हणता येत नाही. चोर म्हणाला असता तरी मी वाद घातला असता. मला लाज वाटली.

पुढं त्यानंच सांगितलं, की आमच्या घरात चार मतं आहेत आणि ती तीन दिशांना जातात. मुलगा चितेगावच्या कंपनीत, त्याचं गणित वेगळं. सून शिकलेली, ती उमेदवार बघते. वहिनींचा बचत गट आणि त्या बायकांचं काहीतरी निराळंच. रोज रात्री जेवताना याच्यावरून भांडणं होतात. भिंत एक आहे, तुम्हाला कधी ऐकू आलं नाय का, असं त्यानं विचारलं.

आलं होतं. महिनाभर येत होतं. मला वाटायचं ते सासूसुनांच्या मालिकेवरून चाललंय, आणि मी बायकोला तसं सांगितलंही होतं.

"तुमच्याकडं होतात का भांडणं?" त्यानं विचारलं.

"कधीच नाय," मी अभिमानानं म्हणालो. आतून वहिनी हसल्याचा आवाज आला, आणि मग मला माझंच बोलणं ऐकू आलं.

"आणि तुमच्या स्वतःच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय?"

"ओके."

"कशावरून?"

मी सुरुवात केली. विकास, स्थैर्य, ग्रामीण भागाचा अनुशेष. तो ऐकत राहिला. पूर्वी मी मायक्रोमीटर फिरवायचो तेव्हा तो असाच हात बांधून समोर उभा असायचा. त्याच्यासमोर पोस्टरवरचे शब्द जास्त वेळ टिकेनात. शेवटी जे खरं होतं ते निघालं. माझ्या वडिलांच्या लग्नाला एक पुढारी जीपमधून आले होते. मांडवात सतरंजीवर बसून सगळ्यांबरोबर जेवले, पुन्हा भात मागून घेतला. तेव्हापासून आम्ही त्यांचे.

तो पुढारी कुठं आहे आता, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, वारले. मग त्यांचा मुलगा? तो दुसऱ्या पक्षात. आणि तो मूळ पक्ष? फुटला. चिन्ह? ते एका गटाकडं गेलं. आणि तुम्ही कोणत्या गटात? हे मात्र मला सांगता येईना. पांढरे कपडे घालून जो घरी आला, त्याचा गट तो माझा, असं मी धरून चाललो होतो. तो नेमका कोणता, हे मी त्याला विचारलंच नव्हतं. यादी हातात घेऊन अख्खी गल्ली मोजली आणि आपण कोणासाठी मोजतोय हे पाहिलं नाही.

तो हसला नाही. हसला असता तर मला सोपं गेलं असतं. एवढंच म्हणाला, की भाताच्या वाढपावर तीन पिढ्या काढल्या तुम्ही. मी चहा संपवला, कपबशी स्वतः आत नेऊन ठेवली आणि घरी आलो. बायकोला विचारलं, की इतकी वर्षं तू कोणाला मत देतेस. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "आता विचारायला लागला व्हय?" आणि भाकरी तव्यावर टाकली.

मतदानाच्या दिवशी शाळेत रांग होती. तो माझ्या बराच पुढं होता, मागं वळून पाहिलं नाही. माझा नंबर आला, बोटाला शाई लागली, मी पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेलो आणि मशीनसमोर उभा राहिलो. आजवर माझं बोट डोळे मिटून चिन्हावर जायचं. या वेळी मी वरून वाचायला लागलो. एक नाव, त्याचं चिन्ह, दुसरं नाव. काही माणसं आमच्याच भागातली होती आणि मला त्यांची काही म्हणजे काही माहिती नव्हती. एकाच्या नावावरून मी त्याची जात ओळखली आणि माझा मलाच राग आला. वाचत वाचत पार खाली गेलो आणि पुन्हा वर आलो. टेबलामागच्या मॅडमनी विचारलं, काका, काही अडचण आहे का. मागून कोणीतरी म्हणालं, आत झोपले काय. मी एक बटण दाबलं. ते बरोबर दाबलं असं छातीठोक सांगत नाही, पण विचार करून दाबलं.

बाहेर आलो तर तो फाटकाशी उभा होता. त्याचं मतदान केव्हाच झालं होतं, त्याला थांबायचं काही कारण नव्हतं.

"लई वेळ लावलास," तो म्हणाला.

"सगळी नावं वाचली," मी म्हणालो. "पहिल्यांदाच."

त्यानं मान हलवली. कोणाला दिलं हे त्यानं विचारलं नाही, मीही नाही. आम्ही घराकडं चालायला लागलो. रस्त्यानं अख्खं बजाजनगर मतदान करून परतत होतं आणि मी सवयीनं एकेकाकडं पाहत होतो. सोयगाववाला, त्याची बायको, युनियनचे पुढारी, खाली मान घालून मोबाईल बघत चाललेलं ते जोडपं, आणि थोड्या अंतरावर माझी स्वतःची बायको, वहिनींबरोबर हसत. सगळ्यांच्या बोटाला सारखीच शाई. कोणाचं मत कुठं गेलं, हे इतकी वर्षं तपासणी केलेल्या मला एकाचंही सांगता येईना, आणि खरं सांगतो, बरं वाटलं.